टॅपेट कव्हरवरचा छोटा फिल्टर: एका जिप्सीच्या ब्रीदरचं प्रकरण

गाडी मारुती जिप्सी. 1298 सीसीचं, सोळा व्हॉल्व्हचं एमपीएफआय पेट्रोल इंजिन. मालक गगनबावड्याकडचे, घरची उसाची शेती, आणि पावसाळा लागला की चिखलात गाडी घालायचा नाद. जिप्सी वर उचललेली, मड टायर, पुढे विंच, डाव्या खांबाला स्नॉर्केल, म्हणजे इंजिनासाठी उंचावरून हवा घेणारी नळी. रस्त्यावर ती जवळजवळ फिरतच नाही. स्पर्धेच्या किंवा क्लबच्या ट्रॅकपर्यंत टेम्पोवर चढून जाते आणि परतही तशीच येते. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

गाडी कोल्हापुरात आमच्या गॅरेजात आली ती तीन तक्रारी घेऊन. एक, क्लच घसरतोय. दोन, बॉनेटखाली सगळीकडे तेलाचा थर आणि टपावर कापड चढवलं की आत पेट्रोल-तेलाचा वास. तीन, लांब चढ चढून माथ्यावर आलं की सायलेन्सरमधून निळा धूर, मग थोड्या वेळानं आपोआप बंद. मालकांचं निदान तयार होतं: "मिस्त्री, रिंगा गेल्यात. इंजिन उतरवूया." मिस्त्री बॉनेटखाली वाकून बघत होते, ते वर न बघताच म्हणाले, "दादा, इंजिन कुठं पळून जात न्हाई. आधी ह्ये टोपडं कुणी बसवलं त्ये सांगा."

टोपडं म्हणजे टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणाच्या) तोंडावर थेट बसवलेला, लाल कापडाचा, अंगठ्याएवढ्या जाडीचा शंकूच्या आकाराचा फिल्टर. बाजारात 'ब्रीदर फिल्टर' म्हणून मिळतो तो; ब्रीदर म्हणजे इंजिनाच्या पोटातला वायू बाहेर पडायची वाट. आदल्या वर्षी दुसऱ्या एका गॅरेजात एअर फिल्टरची पेटी काढून स्नॉर्केल जोडताना तो बसवला होता. टॅपेट कव्हरपासून एअर फिल्टरच्या नळीकडे जाणारी मूळची रबरी नळी तेव्हाच निघाली. दुसरी नळी पीसीव्ही व्हॉल्व्हमार्गे (हा वायू इंजिनात परत खेचू देणारी झडप) इनटेक मॅनिफोल्डला, म्हणजे सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांच्या जुडीला जाते. तीही काढून मॅनिफोल्डच्या तोंडात बोल्ट ठोकला होता आणि वरून एम-सील लावलं होतं. कारण सांगितलं गेलं होतं ते असं: "घाण हवा इंजिनात कशाला परत घ्यायची?"

वरवर पाहता हा युक्तिवाद पटण्यासारखा आहे. म्हणूनच तो इतका चालतो.

मूळ रचना नीट समजून घेतल्याशिवाय पुढचं कळणार नाही. पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी सिलिंडरमधला थोडा वायू त्यांच्या कडेनं खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक फिरतो त्या तेलाच्या कप्प्यात (गॅरेजातला 'चेंबर') निसटतोच. या निसटलेल्या वायूला गॅरेजात ब्लो-बाय म्हणतात. किती निसटतो याचा अंदाज साध्या गुणाकारानं येतो. 1298 सीसीचं चार स्ट्रोकचं इंजिन 3000 आरपीएमला, थ्रॉटल (आत येणाऱ्या हवेची झडप) पूर्ण उघडं असताना, मिनिटाला साधारण 1950 लिटर हवा ओढू शकतं. त्यातला शंभरातला एक भाग जरी रिंगांवरून उतरला, तरी मिनिटाला वीसेक लिटर वायू चेंबरमध्ये जमा होतो. त्याला वाट हवी. वाट दिली नाही तर तो स्वतः शोधतो: डिपस्टिकच्या नळीतून, टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून, क्रँकच्या पुढच्या-मागच्या ऑइल सीलमधून.

हा वायू नुसता धूरही नाही. त्यात न जळलेलं पेट्रोल-हवेचं मिश्रण असतं, जळून झालेले वायू असतात आणि पाण्याची वाफ असते. एक लिटर पेट्रोल पूर्ण जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. बहुतेक सायलेन्सरमधून जातं, पण ब्लो-बायबरोबर थोडं चेंबरमध्येही उतरतं. इंजिन तापलेलं असेल आणि चेंबरमधून हवा खेळत असेल तर ती वाफ बाहेर पडते. नाही पडली तर तेलात मिसळून टोपणाखाली चहाच्या रंगाची साय धरते. पावसाळ्यात ती दिसली की लोक हेड गॅस्केट गेलं म्हणून घाबरतात. बहुतेक वेळा दोष निव्वळ कोंडलेल्या हवेचा असतो.

पूर्वीच्या गाड्यांमध्ये यावर उपाय म्हणून एक उघडी नळी खाली रस्त्याकडे सोडलेली असे. दुसऱ्या महायुद्धात रणगाडे खोल पाण्यातून न्यायची वेळ आली तेव्हा या उघड्या नळीतून पाणी आत यायला लागलं, म्हणून क्रँककेसची हवा बंद वाटेनं इनटेकमध्ये खेचून घ्यायची रचना तिथं वापरली गेली. पुढे कॅलिफोर्नियातल्या धुरक्यामुळे 1961 च्या मॉडेलांपासून तिथल्या नव्या मोटारींवर आणि 1963 पासून सगळ्या अमेरिकेतल्या नव्या मोटारींवर हीच पद्धत आली. म्हणजे पीसीव्हीचा पहिला उपयोग पाण्यातून जाणाऱ्या गाड्यांसाठीच झाला. आज ऑफ-रोडवाले नेमकी तीच गोष्ट काढून फेकतात.

जिप्सीत दोन नळ्यांचं काम असं चालतं. आयडलिंगला आणि हलक्या रेसवर मॅनिफोल्डमध्ये जोरदार ओढ असते. ती पीसीव्ही व्हॉल्व्हमधून क्रँककेसचा वायू खेचून घेते आणि त्याच्या जागी दुसऱ्या नळीतून एअर फिल्टरची स्वच्छ हवा टॅपेट कव्हरमध्ये येते. थ्रॉटल पूर्ण उघडं असलं की मॅनिफोल्डची ओढ संपते, ब्लो-बाय मात्र सगळ्यांत जास्त असतो. तेव्हा पीसीव्हीला तो झेपत नाही आणि वायू दुसऱ्या नळीतून उलटा एअर फिल्टरकडे जातो. म्हणजे त्या नळीत हवा दोन्ही दिशांना वाहते. त्या तोंडावर लावलेला फिल्टर केवळ बाहेर जाणारी वाफ गाळत नाही, आत येणारी हवाही गाळतो, आणि आत येणारी धूळ थेट तेलात मिसळते. एअर फिल्टरवर हजारो रुपये घालणारी माणसं इथे फुटपाथवरच्या दुकानातला फिल्टर लावतात, याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं.

या गाडीत मात्र पीसीव्हीची वाटच बुजवलेली असल्यानं ओढ नव्हतीच. सगळा वायू त्या एकाच टोपड्यातून बाहेर जात होता.

मोजल्याशिवाय हात लावायचा नाही हे आमचं ठरलेलं. आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते. बॅटरी भरलेली, चारही प्लग काढलेले, इंधन आणि इग्निशन तोडलेलं, थ्रॉटल पूर्ण दाबलेलं. आकडे आले 12.6, 12.4, 12.8, 12.5 किलो (दर चौरस सेंटिमीटरला). चौघांत मोठा फरक नाही. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे. इथं हवा विरळ, त्यामुळं किनाऱ्यावर दाखवेल त्यापेक्षा पाचसहा टक्के आकडा कमीच येतो. म्हणजे रिंगा नव्या नाहीत, पण गेलेल्याही नाहीत. इंजिन उतरवायची घाई करण्यासारखं काही नव्हतं.

मग क्रँककेसचं प्रेशर. यासाठी महागडं यंत्र लागत नाही. दीडेक मीटर पारदर्शक नळी घेतली, इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून फळीला बांधली, मध्ये पाणी भरलं, पाणी दिसावं म्हणून थोडी शाई घातली आणि शेजारी पट्टी चिकटवली. डिपस्टिक काढून तिच्या नळीवर एक टोक घट्ट बसवलं, दुसरं मोकळं सोडलं. इंजिन चालू केलं. मूळ रचनेत पेट्रोल इंजिन आयडलिंगला थोडं आत ओढताना दिसायला हवं. इथं पाणी उलट बाहेरच्या बाजूला चढलं: आयडलिंगला 20 मिलिमीटर, 3000 आरपीएमला 60 च्या वर. तेही गाडी जागेवर उभी, इंजिनावर कसलाही भार नसताना.

साठ मिलिमीटर पाणी म्हणजे बारच्या हिशेबात 0.006. ऐकायला चिल्लर वाटतं. पण क्रँकचं ऑइल सील तेलाचे शिंतोडे अडवायला असतं, आतून रेटणारा वायू अडवायला नाही. सीलच्या ओठामागे सतत दाब राहिला की तेल झिरपायला लागतं. मागच्या सीलमधून झिरपलं तर ते फ्लायव्हीलवर आणि तिथून क्लच प्लेटवर. पहिल्या तक्रारीचं मूळ इथंच होतं.

टोपडं उपटून काढलं आणि पुन्हा मोजलं. 3000 ला आकडा साठवरून आठवर उतरला. म्हणजे इंजिनाला श्वास घ्यायला जागा नव्हती, एवढंच.

काढलेला फिल्टर मिस्त्रींनी पत्र्यावर उलटा आपटला. काही पडलं नाही. चाकूनं कापड फाडलं तर आत लाल-काळा लगदा. गगनबावड्यापासून गोव्यापर्यंत या पट्ट्यात जांभ्याची लाल माती. पावसात तिचा चिखल होतो आणि चाकांनी उडालेले शिंतोडे बॉनेटखाली कुठंही पोचतात. त्यात आतून येणारी तेलाची वाफ आणि पाणी मिसळलं, वरून मॅनिफोल्डच्या उष्णतेनं भाजलं, आणि कापडाच्या घड्या विटेसारख्या पक्क्या झाल्या. वर्षभरात कुणी तो धुतला नव्हता. धुवायचा असतो हेच मालकांना कुणी सांगितलं नव्हतं.

टॅपेट कव्हर उघडलं तेव्हा तिसऱ्या तक्रारीचा उलगडा झाला. कव्हरच्या आत नळीच्या तोंडापुढे आडोशाचा एक पत्रा असतो; तेलाचे थेंब त्याच्यावर आदळून खाली परतावेत आणि फक्त वायू वर जावा यासाठी. त्या पत्र्यामागे तेल साचू नये म्हणून खाली बारीक वाट असते. इथं ती वाट गाळानं बुजली होती. फोर-लो (चारही चाकांना जोर देणारी सावकाश गती) पहिल्या गिअरमध्ये उभा चढ घ्यायचा, रेस पूर्ण, गाडी मागे झुकलेली, हेडमधलं तेल मागच्या टोकाला लोटलेलं. पत्र्यामागे साचलेलं तेल खाली जाणार कुठं? एकीकडे ते टोपड्यातून बाहेर फेकलं जात होतं, म्हणून बॉनेटखाली थर. दुसरीकडे आत कोंडलेला दाब तेल खाली उतरायला अडवत होता आणि व्हॉल्व्हच्या दांड्यांवरून थोडं सिलिंडरमध्ये जात होतं, म्हणून माथ्यावर निळा धूर. हे दुसरं कारण आम्ही प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिलं नाही, आधी आणि नंतरच्या धुरावरून बांधलेलं अनुमान आहे. व्हॉल्व्ह सीलही जुनी होती, तीही बदलली. त्यामुळं श्रेय नेमकं कुणाचं किती, ते वाटून देता येणार नाही.

आता करायचं काय, यावर गॅरेजात बरीच चर्चा झाली. मालकांना फिल्टर हवाच होता. माझं मत पहिल्यापासून बंद रचनेकडे झुकलेलं: दोन्ही नळ्या जशा होत्या तशा परत बसवायच्या, मध्ये फक्त तेल अडवणारा डबा घालायचा. रस्त्यावर चालणाऱ्या कुठल्याही गाडीला मी आजही हेच सांगेन. क्रँककेसचा वायू उघड्यावर सोडणं प्रदूषणाच्या दृष्टीनं सरळसरळ चूक आहे, आणि मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. पीयूसीवाला सायलेन्सरमध्ये नळी घालतो, बॉनेट उघडून ब्रीदर बघत नाही, ही पळवाट झाली. ते उत्तर नाही.

या गाडीचं प्रकरण थोडं वेगळं. ती टेम्पोवरून ट्रॅकवर जाते. आणि अशा ट्रॅकवर गाडी आडवी होणं नवलाचं नाही. गोव्यात 2014 पासून होत असलेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धांमध्ये पावसात, नाल्यात, उभ्या कड्यांवर काय होतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. गाडी कुशीवर पडली आणि इंजिन चालू राहिलं, तर इनटेकला जोडलेल्या नळीतून तेलाचा गोळाच्या गोळा थ्रॉटलमध्ये जाऊ शकतो. तेल दाबलं जात नाही. पिस्टन वर येताना मध्ये सापडलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. उघड्या फिल्टरचा धोका वेगळा: तेच तेल बाहेर, आणि बाहेर म्हणजे तापलेल्या सायलेन्सरच्या मॅनिफोल्डवर पडलं तर आग. दोन्हीकडे धोका आहे. प्रश्न एवढाच की कुठला धोका आपल्याला नळी कुठून न्यायची हे ठरवून टाळता येतो. दुसरा टाळता येतो.

आणखी एक गोष्ट फिल्टरच्या बाजूनं होती. हे इंजिन आत येणाऱ्या हवेचं वजन मोजत नाही, मॅनिफोल्डमधला दाब मोजतं. त्यामुळं ब्रीदरमधून वेगळी हवा आली तरी ईसीयूचा (इंजिनाच्या कॉम्प्युटरचा) हिशेब फारसा चुकत नाही. ज्या गाड्यांत एअर फिल्टरजवळ हवा मोजणारा सेन्सर असतो, त्यांत हाच बदल केला तर न मोजलेली हवा पीसीव्हीतून आत जाते, मिश्रण पातळ होतं, आयडलिंग हेलकावे खातं आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. डिझेलवाल्यांनी तर ही पद्धत डोळे झाकून उचलू नये. तिथं थ्रॉटलची अशी ओढ नसते, टर्बो असेल तर ब्लो-बाय जास्त असतो, आणि इनटेकमध्ये तेल ओढलं गेलं तर इंजिन चावी बंद करूनही तेलावरच पळत राहू शकतं.

तर ठरलं असं: पीसीव्हीची वाट जशीच्या तशी परत चालू करायची. दुसऱ्या नळीवर डबा, आणि डब्याच्या पुढे उंचावर फिल्टर.

पीसीव्ही व्हॉल्व्ह नवा आणला. हा काही शे रुपयांचा भाग असतो. आत स्प्रिंगवर बसलेला एक छोटा दट्ट्या. आयडलिंगच्या जोरदार ओढीला तो वाट अरुंद करतो, ओढ कमी झाली की वाट मोठी करतो, आणि इनटेकमध्ये भडका उडाला तर पूर्ण बंद होऊन ज्वाळा चेंबरमध्ये जाऊ देत नाही. नवा असला तरी कानाजवळ हलवून खडखड ऐकायची, मग बसवायचा. मॅनिफोल्डच्या तोंडातला बोल्ट आणि एम-सील काढायला मिस्त्रींच्या हाताखालच्या पोराला बराच वेळ लागला. कण आत पडू नयेत म्हणून तोंडाखाली ग्रीस लावलेला कपडा धरून, हळूहळू. इंजिन चालू करून व्हॉल्व्हच्या तोंडावर अंगठा ठेवला तर तो चांगलाच खेचला गेला.

टॅपेट कव्हर रॉकेलात भिजवून आडोशाच्या पत्र्यामागची वाट तारेनं मोकळी केली, हवा मारली, नवं पॅकिंग घातलं.

डबा विकत आणला नाही. बाजारातले चकचकीत डबे बहुतेक आतून रिकामे असतात. एका तोंडातून वायू आत, दुसऱ्यातून तसाच बाहेर. शिवाजी उद्यमनगरातल्या एका लेथवाल्याकडून 75 मिलिमीटर व्यासाचा, 200 मिलिमीटर उंचीचा ॲल्युमिनियमचा डबा करून घेतला. आत जवळजवळ 900 मिलिलिटर जागा होते. आत येणारं तोंड खालून एक तृतीयांश उंचीवर, थोडं तिरकं, म्हणजे वायू भिंतीला घासत गोल फिरतो आणि जड थेंब भिंतीला चिकटतात. त्याच्या वर जाळीचा पत्रा, त्यावर भांडी घासायची स्टेनलेस स्टीलची घासणी दाबून भरलेली, तिच्यावर पुन्हा जाळी. घासणी स्टेनलेसचीच हवी. साधी लोखंडी लोकर भरली तर ती गंजते, तिचे तंतू तुटतात आणि हवा आत ओढली जाताना थेट तेलात जातात. तळाला निचऱ्याचा छोटा नळ.

डबा बसवला फायरवॉलवर, जितका वर बसेल तितका वर, सायलेन्सर मॅनिफोल्डच्या विरुद्ध बाजूला. टॅपेट कव्हरपासून डब्यापर्यंत नळीला सतत चढ, मध्ये कुठं झोळ नाही. झोळ राहिला की त्यात तेल-पाणी साचतं आणि वाट तिथंच बुजते. चढ असला की नळीतच थंड झालेलं तेल आपसूक इंजिनात परततं.

नळीबद्दल दोन गोष्टी ठासून सांगायला हव्यात. पहिली, ती तेल सहन करणारी, नायट्राइल रबराची हवी. रेडिएटरची किंवा हीटरची उरलेली नळी बऱ्याचदा लावली जाते; पाण्यासाठी बनवलेलं ते रबर तेलानं फुगतं, मऊ पडतं आणि आतून वाट आवळतं. दुसरी, व्यास कुठेही मूळ तोंडापेक्षा कमी नको. 12 मिलिमीटरच्या तोंडावर 9 मिलिमीटरचा जोड लावला तर 'तीन मिलिमीटरनं काय होतंय' असं वाटतं, पण वाट जेमतेम 56 टक्के उरते. डब्यापासून फिल्टरपर्यंतची नळी लांब होती म्हणून ती आम्ही जाणूनबुजून 19 मिलिमीटरची घेतली.

फिल्टर कुठं लावायचा यावर मात्र वाद झाला. मालक म्हणाले, डब्याच्या डोक्यावरच बसवा, बॉनेट उघडलं की दिसायला भारी. तिथं तीन अडचणी होत्या. बॉनेटपर्यंत पाणी आलं की तो बुडणार. तापलेलं इंजिन अचानक गार पाण्यात शिरलं की क्रँककेसमधली हवा आकसते, ओढ घेते, आणि बुडालेला फिल्टर आत पाणी देतो. दुसरं, काचेखालच्या जाळीतून केबिनमध्ये हवा जाते; तिच्याशेजारी फिल्टर असला की वास आणि त्याबरोबर कार्बन मोनॉक्साइड आत. तिसरं, चिखल. म्हणून डब्याच्या डोक्यापासून नळी स्नॉर्केलच्या मागून खांबालगत वर नेली आणि फिल्टर टपाच्या उंचीला, स्नॉर्केल आणि खांबाच्या बेचक्यात, तोंड खाली करून बसवला. वर पत्र्याची छोटी टोपी. फांद्या अडकत नाहीत, पावसाची थेट धार लागत नाही, आणि आत थंड झालेलं पाणी उलट डब्यात उतरतं. फिल्टर आधीच्यापेक्षा तिप्पट मोठा, धुता येणारा. सगळ्या जोडांना जुबली क्लिपा, नळी जिथं पत्र्यातून जाते तिथं रबरी ग्रोमेट.

काम चालू होतं तेव्हाच पुढच्या-मागच्या ॲक्सलचे, गिअरबॉक्सचे आणि ट्रान्सफर केसचे ब्रीदरही बारीक नळ्यांनी त्याच उंचीला नेले. तोच न्याय तिथंही लागू: गरम हाउसिंग नाल्यात उतरलं की पाणी ओढतं. डिफरन्शियलचं तेल दुधाळ झालेलं निघालंच.

पुन्हा यू-नळी. आयडलिंगला पाणी आता आतल्या बाजूला 15 मिलिमीटर ओढलेलं. 3000 ला शून्याच्या आसपास. खरी परीक्षा भाराखाली असते, म्हणून नळी लांब करून काचेच्या चौकटीला बांधली आणि गाडी गावाबाहेरच्या खाणीच्या चढावर घेतली. मिस्त्री स्टिअरिंगवर, मी शेजारी पट्टीवर डोळे लावून. फोर-लो, पूर्ण रेस, चाकं घसरत असताना आकडा बाहेरच्या बाजूला 10-12 पर्यंत गेला आणि रेस सोडताच परत आत आला. मागे मालक दुसऱ्या गाडीतून बघत होते. खाली आल्यावर त्यांचा पहिला प्रश्न: "धूर?" धूर नव्हता.

क्लच प्लेट आणि मागचं ऑइल सील बदलावंच लागलं. दाब कमी झाला म्हणून तेलात भिजलेली प्लेट कोरडी होत नाही, आणि ताणून ढिला पडलेला सीलचा ओठ परत आवळत नाही. इथं बरेच जण फसतात: ब्रीदर दुरुस्त केला तरी गळती थांबत नाही, मग 'ब्रीदरचा संबंधच नव्हता' असा निष्कर्ष निघतो.

त्या पावसाळ्यात डब्यात जे जमा झालं त्यात तेल कमी आणि तपकिरी, दुधाळ पाणी जास्त होतं. ते परत इंजिनात ओतायचं नाही, एवढं मालकांना बजावून सांगितलं. त्यात पेट्रोल आणि आम्ल दोन्ही असतात. जुन्या तेलाच्या डब्यात साठवून गोळा करणाऱ्याला द्यायचं. थंडीच्या दिवसांत छोट्या फेऱ्या मारल्या की डबा लवकर भरतो, उन्हाळ्यात लांब चालवली की जवळजवळ कोरडा राहतो. एकाएकी निव्वळ तेल भरायला लागलं तर मात्र पुन्हा कॉम्प्रेशन बघायचं. तेव्हा कदाचित रिंगांची पाळी आलेली असेल.

फिल्टर प्रत्येक चिखलाच्या फेरीनंतर काढून साबणाच्या पाण्यात धुवायचा, सावलीत पूर्ण वाळवायचा. कापडाच्या फिल्टरला त्याचं तेल हलक्या हातानं लावायचं; जास्त झालं की तेच वाट बुजवतं. यू-नळी आणि तिची फळी आम्ही मालकांनाच देऊन टाकली. डिपस्टिक काढायची, नळी लावायची, आयडलिंगला पाणी आत ओढलं जातंय का बघायचं. ओढलं जात नसेल तर आधी पीसीव्हीवर अंगठा, मग फिल्टर. पाणी प्रमाणाबाहेर आत खेचलं जात असेल तर फिल्टर बुजलाय आणि पीसीव्ही एकटा ओढतोय. तेव्हा सीलच्या कडेनं धूळ आत यायला लागते, म्हणून त्याच दिवशी धुवायचा.

मालकांनी विचारलं होतं, जुनं टोपडं ठेवून घेऊ का, दुसऱ्या गाडीला कामाला येईल. ती दुसरी गाडी डिझेल आहे, टर्बोची. मिस्त्रींनी ते फाडलेलं टोपडं आधीच भंगारात टाकलं होतं.